नवे म्हणून रीग्राइंड केलेले (वापरून परत घासलेले) कटर गळ्यात मारले

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) माझं जॉबवर्कचं छोटं शेड आहे, एकच व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन. मागच्या महिन्यात मोल्डचं काम आलं, पी20 स्टील, 55 मिमी खोल पॉकेट आणि कोपऱ्याला 8 चा रेडियस. एवढ्या खोलीला नुसता लांब कटर लावून भागत नाही, टूल दुप्पट बाहेर काढलं की तेवढ्याच लोडला आठपट वाकतं, म्हणून 12 मिमीचा लाँग नेक सॉलिड कार्बाइड कटर पाहिजे होता, म्हणजे खाली फक्त 18 मिमी दात आणि वर मान 11.5 ला उतरवलेली, भिंतीला घासू नये म्हणून.

तेवढ्यात एक बॅगवाला, म्हणजे फिरून टूल विकणारा, आला. दांडिया बाजारात राहतो म्हणाला, छान मराठीत बोलला, "दादा, आपल्या माणसाकडून काय जास्त घ्यायचं", आणि मी तिथेच विरघळलो. तरी सॅम्पल मागितला, काट्यावर ठेवला, कारण कार्बाइड एचएसएसच्या (हाय स्पीड स्टीलच्या) जवळजवळ दुप्पट जड असतं. वजन बरोबर, जॉबवरही मस्त चालला. मग दहा घेतले, 1,400 ला एक, आणि बिल नको म्हणालो कारण 18 टक्के जीएसटी वाचत होता. हा गाढवपणा माझाच.

लॉटमधला पहिला कटर 30 मिमीपर्यंत ठीक गेला, मग किंचाळायला लागला. मला वाटलं चिप्स अडकल्या, एअर वाढवली, फीड कमी केला, कॉलेट (कटर धरणारी पकड) बदलून रनआउट (कटर फिरताना डगमगतो का ते) पण बघितला, सगळं करून तो तुटलाच. दुसरा पण तसाच गेला आणि जाताना भिंतीवर खड्डा पाडून गेला, म्हणजे ब्लॉक भंगारात. शेवटी आमचा ऑपरेटर म्हणाला, साहेब मानेवर घासल्याच्या खुणा आहेत, मोजून बघू का? मोजलं तर दातांवर 11.62! म्हणजे वापरलेले कटर बाजूने घासून, वर नवीन काळं कोटिंग मारून, नव्या ट्यूबमध्ये भरलेले. मान तीच 11.5, म्हणजे एका बाजूला 0.25 गॅप पाहिजे तिथे जेमतेम 0.06, कटर जरा वाकला की मान भिंतीला टेकणारच. वजनावरून हे कधीच कळलं नसतं कारण माल खरंच कार्बाइड होता, आणि सॅम्पल तेवढा नवा दिला होता.

रीग्राइंड वाईट असतं असं नाही हं, आम्ही स्वतः करून घेतो, पण साइज सांगून आणि त्याच भावात द्या ना. तुमच्याकडे असा कोणी आला तर सॅम्पल नाही, लॉटमधला प्रत्येक पीस दातांवर आणि मानेवर मोजा, दोन मिनिटांचं काम आहे. शँकवर (कटरच्या पकडायच्या दांड्यावर) कॉलेटचे बारीक ओरखडे दिसतात का तेही बघा, माझ्या पाचांवर होते, नंतर दिसले.

फोन बंद आहे त्याचा. बिलच नाही तर तक्रार कशाच्या जोरावर करू? उरलेले आठ उथळ स्लॉटला वापरतोय, मशीनच्या टूल ऑफसेटमध्ये कटरची साइज 11.62 टाकून.