अग्निरोधक पिशवी: वणव्यातून गेल्यावरचा अनुभव

गेल्या दिवाळीच्या सेलमध्ये तेराशे रुपयांना ही कागदपत्रांची अग्निरोधक पिशवी घेतली. काचतंतूचं कापड, वर सिलिकॉनचा लेप, जाड चेन आणि पाकिटावर 'हजार अंशांपर्यंत सुरक्षित' असा ठसठशीत दावा. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण हाच माल दहा नावांनी विकला जातो.

घ्यायचं कारण म्हणजे जावळी तालुक्यातलं आमचं गावचं घर. आई तिथं एकटी असते. घर उताराच्या वरच्या अंगाला, खाली ओढा, मधे कुसळी गवत आणि करवंदीच्या जाळ्या. होळीच्या आगेमागे कोणीतरी काडी लावतंच. जाळलं की पुढच्या साली गवत जोमानं येतं, ही समजूत काही जात नाही. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे हे सगळ्यांना माहीत आहे, काडी लावणाऱ्यालाही.

यंदा मार्चमध्ये मी गावी असतानाच दुपारी ओढ्याच्या अंगानं धूर आला. आग चढाला पळते हे लहानपणापासून ऐकलं होतं, पण इतकी पळते हे बघितलं नव्हतं. पडवीत सरपण आणि शेणी रचलेल्या. मी पिशवी घ्यायला आत वळलो तर आई ओरडली, "आरं, म्हस सोड आधी, कागदं बसू देत!" दावं सुटेना, विळ्यानं कापलं. म्हैस, आई आणि मी शेजारच्या नांगरलेल्या रानात जाऊन उभे राहिलो. ढेकळांत जळायला काही नसतं, म्हणून तिथं. तिथूनच वन विभागाच्या १९२६ ला फोन लावला. वनरक्षक आणि गावची पोरं हिरवे डहाळे घेऊन आली, तोवर पडवीनं पेट घेतला होता. तेराशेची पिशवी माजघरातल्या खुंटीवर तशीच.

सकाळी आत गेलो. पडवी नाही, स्वयंपाकघराचं छप्पर नाही. चुलीपाशी जर्मनची दोन पातेली वितळून जमिनीवर त्यांचा एकच चकाकता पापड झाला होता. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, म्हणजे तिथं किती तापलं असेल बघा. माजघराचे दोन वासे खाली आले होते. फुटक्या कौलांखाली पिशवी सापडली. वरचा लेप पांढरा पडून बोटानं भुगा होत होता, पण कापड शाबूत. चेन मात्र चार बोटं उसवली होती आणि धूर तिथूनच आत शिरलेला.

आतलं सांगतो. घराचं खरेदीखत कडेनं तपकिरी, पण अक्षर न् अक्षर वाचता येतं. घरपट्टीच्या पावत्या ठीक, पंचनाम्याच्या वेळी उपयोगी पडल्या. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, त्यांचं डिस्चार्ज बुक जवळजवळ जसंच्या तसं. लॅमिनेट केलेलं सगळं वाया गेलं. माझी दहावीची सनद आणि बहिणीचा जन्मदाखला एकमेकांना चिकटून एकच झाले. पेनड्राइव्ह वाकडा झाला, चालत नाही.

आता दाव्याबद्दल. हजार अंश हे कापडाचं बोलणं आहे, आतल्या कागदाचं नाही. कापड वितळत नसेल, पण उष्णता आत जातेच. कागद दोनशेच्या पुढं करपायला लागतो आणि प्लास्टिक त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं. चांगल्या तिजोरीवर आतलं तापमान १७७ च्या खाली किती वेळ राहील ते लिहिलेलं असतं, या पिशवीवर तसलं काही नाही. खरं श्रेय मी माजघराच्या दीड हात मातीच्या भिंतीला जास्त देईन. हीच पिशवी स्वयंपाकघरात असती तर हा रिव्ह्यू फार छोटा झाला असता.

आणि सातबाऱ्यासाठी तर पिशवी लागतच नाही, डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत ऑनलाइन निघतो. पुन्हा मिळणार नाही तेवढंच आत ठेवा.

आईचा हिशेब वेगळाच. तिचं पावट्याचं बी कोनाड्यातल्या मडक्यात होतं, कीड लागू नये म्हणून राखेत घोळून ठेवलेलं. मडकं धड होतं. तिनं एक दाणा काढला, दाताखाली धरला आणि म्हणाली, "भाजलंय." खरेदीखत दाखवलं तर बघितलंसुद्धा नाही. ते बी तिच्या सासूपासूनचं होतं.

एप्रिलमध्ये तसलीच दुसरी पिशवी घेतली. तिची तक्रार पावसाळ्यातली. आमच्याकडं आषाढात भिंतीसुद्धा पाझरतात. या पिशवीत ओल शिरते पण निघत नाही, श्रावणात डिस्चार्ज बुकावर बुरशीचे ठिपके आले. आता महिन्यातून एकदा उन्हं देतो. कडा विरल्या की कापड हाताला खाजतं. चेन अडकते, त्यावर मेणबत्ती घासतो. पाचपैकी तीन तारे.

जागा मात्र बदलली आहे, आता पिशवी दाराच्या मागं, हाताला लागेल अशी. मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा जड लागली म्हणून उघडली. कागदांच्या खाली पुरचुंडी, आईनं माहेरून आणलेलं पावट्याचं बी.