सौर प्रकल्पातलं गवत: तणनाशक, ब्रशकटर की मेंढ्या?

शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून वीज उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प उभारणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मधला पहिला प्रकल्प 2024 मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला सुरू झाला. तेव्हापासून अवर्षणग्रस्त पट्ट्यात उपकेंद्रांलगतच्या माळांना कुंपणं पडत चालली आहेत. पॅनेल आणि इन्व्हर्टरवर पुष्कळ बोललं जातं, गवताचं कंत्राट मात्र निविदेतल्या एका ओळीत उरकतं. त्या माळाचं पुढच्या 25 वर्षांत काय होणार, ते त्याच ओळीवर ठरतं. म्हणून 5 मेगावॉटचा, साधारण 20 एकरांचा प्रकल्प धरून तिन्ही प्रकारच्या सेवा इथे तपासल्या आहेत.

तणनाशकाची सेवा सगळ्यांत स्वस्त आणि आमच्या मते सगळ्यांत वाईट. पावसाचं पाणी पॅनेलच्या खालच्या कडेवरून एकाच रेषेत पडतं. तिथे गवत नसेल तर मुरमात चर पडतो, आणि उतारावर खांबांच्या पायाजवळची माती वाहून जाते. हिवाळ्यात उघड्या जमिनीची धूळ उडून पॅनेलवर बसते, धुण्याच्या फेऱ्या वाढतात. 12,000 पॅनेल, दर पॅनेलला 2 लिटर पाणी, म्हणजे एका फेरीला 24,000 लिटर. टँकरवर जगणाऱ्या गावाशेजारी हे परवडणारं नाही. शिवाय मोकळ्या जमिनीवर सर्वांत आधी परततं ते गाजर गवत. ओल मिळाली की ते केव्हाही उगवतं, एप्रिलमध्ये धुण्याच्या पाण्यावरसुद्धा. ग्लायफोसेट हे तणनाशक वापरणार असाल तर ऑक्टोबर 2022 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार ते कीडनियंत्रण व्यावसायिकामार्फतच मारायचं असतं. कंत्राटदाराकडे परवाना मागा.

ब्रशकटरची, म्हणजे खांद्याला अडकवून चालवायच्या गवत कापणी यंत्राची, सेवा ठीक, पण माणूस जाणता हवा. लोखंडी पातं माळावर नकोच. त्याने उडालेला दगड काच फोडतो, आणि दोन्ही बाजूंना काच असलेल्या पॅनेलची मागची काच तडकली तर ते लवकर लक्षातही येत नाही. नायलॉन दोरी लावावी, ओळीच्या मधोमध चालत कापावं, आणि खांबांपासून हातभर अंतरातलं गवत विळ्यानेच काढावं. उन्हाने प्लास्टिकचे टाय तुटून पॅनेलमधून वीज नेणाऱ्या डीसी केबल गवतात लोंबत असतात. त्या आधी बांधून घेतल्या नाहीत तर पहिल्याच दिवशी केबल कापली जाते. कापणी जमिनीपासून 10 ते 15 सेंटिमीटर उंच ठेवावी, म्हणजे मुळं माती धरून राहतात. गवत पॅनेलच्या खालच्या कडेला पोचण्याआधी फेरी व्हायलाच हवी. खालच्या ओळीतले सेल झाकले गेले की बायपास डायोड, म्हणजे पॅनेलमधला वीज वळवणारा छोटा भाग, झाकलेले सेल वगळतो आणि वीज घटते. कापलेलं गवत तिथेच सोडणारे कंत्राटदार टाळा. फेब्रुवारीनंतर ते वाळून आगीला निमंत्रण देतं.

आमची पसंती मेंढ्यांना. त्याचं एक कारण कुठल्याही निविदेत सापडत नाही: धनगरांचे वाडे, म्हणजे कळपांसह फिरणारी कुटुंबं, दिवाळीच्या सुमारास कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर कोरडवाहू पट्ट्यात परततात. म्हणजे माळावर गवत वाढतं नेमकं तेव्हाच कळप जवळ असतो. हिशेब सोपा आहे. 8 हेक्टरवर हेक्टरी दीड टन सुकं गवत धरलं तर 12 टन होतं, त्यातलं निम्मंच चारायचं. मेंढीला दिवसाला साधारण 1 किलो लागतं, म्हणजे 100 मेंढ्यांना 60 दिवस पुरतं. जुलैमध्ये एक फेरी, सप्टेंबरमध्ये दुसरी. कुसळीला कुसळं येण्याआधी दुसरी फेरी संपवा, नाहीतर ती कातडीत रुततात. शेळ्या मात्र आत सोडू नका, त्या पॅनेलवर चढतात आणि केबल चावतात. पाण्याची कुंडी आणि केबलसाठी पाइप, एवढीच तयारी पुरते. मेंढपाळाला चराई फुकट देऊन भागवू नका. शेतकरी खतासाठी कळप शेतात बसवतात तेव्हा धान्य किंवा पैसे मोजतात, इथेही फेरीचे पैसे ठरवा.

मेंढ्या गाजर गवत खात नाहीत. ते फुलण्याआधी हातमोजे घालून मुळासकट उपटावंच लागतं. कुंपणाकडेला टाकळा वाढू दिला तर तो त्याला दाबतो.

या तिन्ही सेवांना न झेपणारं एक नुकसान आहे, जेसीबीने केलेलं सपाटीकरण. वरची वीतभर माती खरवडली की पवन्या, मारवेल, डोंगरी गवताचं बी आणि ठोंब तिच्याबरोबर जातात, आणि आधीचा माळ परत येत नाही. तसं झालंच असेल तर पहिल्या पावसावर ओळींच्या मधल्या पट्ट्यात मारवेलचे ठोंब लावा. पॅनेलच्या ऐन सावलीत ते विरळच राहतात, तिथे फार खर्च करू नका. नवा प्रकल्प असेल तर सपाटीकरण फक्त रस्ते आणि इन्व्हर्टरच्या चौथऱ्यापुरतं, आणि बाकी खांब चढउतारावरच ठोकायचे, ही अट करारात लिहून घ्या.