तुकडे काढता येणारी वेकबोर्डची दोरी, नवशिक्यांसाठी एकदम बेस्ट

ऑस्टिनला लेक ट्रॅव्हिसवर वेकबोर्डिंगसाठी (बोटीमागे दोरी धरून, फळीवर उभं राहून पाण्यावरून घसरायचा खेळ) आम्ही ही 70 फुटी दोरी वापरतो, पैसे पूर्ण वसूल. नवशिक्याला पूर्ण लांबी देऊच नका, 45-50 फुटांवर ठेवा, कारण बोटीजवळ तिच्यामागे उठणाऱ्या दोन्ही लाटांमधलं अंतर कमी असतं त्यामुळे इकडून तिकडे जाणं सोपं पडतं, शिवाय दोरी जरा वरच्या बाजूला ओढते म्हणून पाण्यातून उठायलाही मदत होते. स्पीड मात्र कमीच हवा, ताशी 16-18 मैल बास. भाची हिच्यावरच शिकली, तिला जमेल तसा एकेक तुकडा जोडत गेलो. पॉली-ई धाग्याची आहे, फार ताणली जात नाही, डायनिमा धाग्याच्या दोरीपेक्षा स्वस्त. हँडलचा फोम ओल्या हातातही घट्ट बसतो. तुकड्यांचे लूप मात्र ओले असताना सोडवायला जाम घट्ट, तेवढा एक स्टार कमी.