झूमची फुकट योजना मंडळीच्या किती कामाची? चर्च बंद असतानाच्या वापराचा आढावा

25 मार्च 2020 ला टाळेबंदी लागली तेव्हा लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे दिवस चालू होते. झावळ्यांचा रविवार 5 एप्रिलला, उत्तम शुक्रवार 10 ला, ईस्टर 12 ला. तिन्ही घरातच पाळावे लागले. महाराष्ट्रात प्रार्थनास्थळं उघडली ती 16 नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. 2021 च्या एप्रिलमध्ये ती पुन्हा बंद झाली आणि घटस्थापनेला, 7 ऑक्टोबरला उघडली. या काळात ज्या मंडळ्यांकडे (चर्चच्या सभासदसमूहांकडे) पैसे नव्हते त्यांना झूम या व्हिडिओ सभेच्या ॲपच्या फुकट योजनेचा मोठा आधार झाला. आजही आजारी सभासदांसाठी आणि आठवड्यातल्या प्रार्थनासभेसाठी ती वापरात आहे, म्हणून हा सविस्तर आढावा.

मोजायचं कशावर, ते पवित्र शास्त्रातच आहे. प्रेषितांची कृत्ये 2:42 मध्ये पहिल्या मंडळीची चार कामं सांगितली आहेत: शिक्षण, सहवास, भाकर मोडणं (म्हणजे प्रभुभोजन) आणि प्रार्थना. या चारांपैकी शिक्षण आणि प्रार्थना झूमवर चांगली होतात. सहवास मेहनत घेतली तरच मिळतो. भाकर मोडण्याबद्दल पुढे येईलच. गायन मात्र पहिल्याच रविवारी फसतं, आणि बहुतेकांचं मन तिथेच खट्टू होतं, म्हणून आधी ते.

सगळ्यांचे माइक चालू ठेवून गीत म्हणता येत नाही. आवाज पोचायला सेकंदाचा काही भाग लागतो आणि प्रत्येक घराचा उशीर वेगळा असतो. त्यात झूम ज्याचा आवाज मोठा त्याला पुढे करतं आणि बाकीचे दाबतं. इंटरनेट कितीही वेगवान घेतलं तरी हे सुटत नाही. उपाय एकच: एका घरातल्या माणसांनी गायचं, बाकीच्यांनी माइक बंद ठेवून आपापल्या घरी मोठ्याने म्हणायचं. प्रभूच्या प्रार्थनेलाही हाच नियम. पाळक एक ओळ आणि मंडळी एक ओळ असं वाचन असेल, तर मंडळीच्या वतीने उत्तर देणारा एक माणूस आधी ठरवावा.

पेटीची, म्हणजे हार्मोनियमची अडचण निराळी आहे. झूमची आवाज गाळणारी सोय पंख्याच्या घरघरीसारखे एकसंध आवाज काढून टाकते, आणि पेटीचा लांबवलेला सूर तिला तसाच वाटतो. त्यामुळे सूर मध्येच विझतो, पुन्हा येतो. सेटिंगमधल्या ऑडिओत ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ चालू करावं आणि सभा सुरू झाल्यावर पडद्यावरचं त्याचं बटणही दाबावं. नुसतं सेटिंग करून भागत नाही, इथेच बहुतेक चुकतात. मात्र ही सोय चालू असताना त्या घरातला पंखा, कुकरची शिट्टी, रस्त्यावरचा हॉर्न सगळं ऐकू जातं, म्हणून गीत संपताच ती बंद करावी. फोन पेटीवर ठेवू नये, भात्याची धडधड त्यात शिरते. तीन-चार फुटांवर, गाणाऱ्याच्या तोंडाच्या उंचीला ठेवावा. तबल्यातला डग्गा फोनवर जवळजवळ ऐकूच येत नाही. ठेका धरायला खंजिरी किंवा टाळ बरे.

दुसरी चूक म्हणजे पाळकांनाच होस्ट, म्हणजे सभा चालवणारा, करणं. फुकट योजनेत सह-होस्ट नेमता येत नाही. उपदेश करता करता बाहेर थांबलेल्यांना आत घेणं आणि कुणाच्या घरातला टीव्ही ऐकू येतोय म्हणून त्याचा माइक बंद करणं एका माणसाला जमत नाही. तरुण संघातल्या कुणाच्या तरी खात्यातून सभा चालवावी. पाळक साधे सहभागी म्हणून येतील, आणि होस्टने त्यांना ‘स्पॉटलाइट’ करून सगळ्यांच्या पडद्यावर मोठं ठेवावं.

दार राखणं हे त्याच होस्टचं काम. सुरुवातीच्या काळात अनोळखी लोक सभांमध्ये घुसून अश्लील चित्रं दाखवत, त्यामुळे 5 एप्रिल 2020 पासून झूमने पासवर्ड आणि वेटिंग रूम (होस्टने आत घेईपर्यंत थांबायची जागा) आपोआप चालू ठेवायला सुरुवात केली. त्याच महिन्यात आपल्या गृहमंत्रालयानेही झूमबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती. लिंक उघड्या फेसबुक पानावर टाकू नये. स्क्रीन शेअर फक्त होस्टलाच ठेवावं. प्रवेशाची खरी पंचाईत नावांची होते. वेटिंग रूममध्ये फोनचं मॉडेलच नाव म्हणून दिसतं आणि मागे आजी आहेत की आगंतुक, कळत नाही. आडनावासकट नाव कसं लिहायचं ते प्रत्येक घराला शनिवारीच फोन करून शिकवावं.

चाळीस मिनिटांची मर्यादा अडचणीची वाटते, पण नीट आखली तर सोसते. शंभर जणांपर्यंत येता येतं आणि चाळिसाव्या मिनिटाला सभा तुटते. तीच लिंक होस्टने पुन्हा सुरू केली की सगळे परत येऊ शकतात. पहिल्या भागात गीत, वाचन आणि वीस मिनिटांच्या आत उपदेश. दुसरा भाग पूर्ण प्रार्थनेला. अडतिसाव्या मिनिटाला होस्टने सांगावं, नाहीतर आशीर्वचनाच्या मध्येच पडदा काळा होतो. गूगल मीटची फुकट मर्यादा साठ मिनिटांची आहे. तरीही प्रार्थनासभेसाठी झूमच घ्यावं, कारण त्यात ब्रेकआउट रूम, म्हणजे सभेतच छोट्या गटांसाठी वेगळ्या खोल्या, फुकट मिळतात.

या सोयीसाठी आम्ही झूमला सर्वाधिक गुण देतो. पन्नास चेहऱ्यांसमोर घरातली नोकरी गेली, ताप उतरत नाही, असं कुणी बोलत नाही. चार-पाच जणांच्या खोलीत बोलतात. आधी वेबसाइटवरच्या सेटिंगमध्ये ही सोय चालू करावी लागते, आणि होस्ट संगणकावर असावा. खोल्या आपोआप पाडू नयेत. प्रत्येक खोलीत प्रार्थना चालवू शकेल असा एक वडीलधारा माणूस आणि जमल्यास एक नवं कुटुंब ठेवावं. दहा मिनिटं पुरतात. यूट्यूबवर उपासना स्वच्छ दिसते, आवाज चांगला येतो, माणसांची मर्यादा नाही. पण तिथे रडणाऱ्या माणसाला कुणी नावाने हाक मारत नाही. उपदेश यूट्यूबवर आणि प्रार्थना झूमवर अशी विभागणी केलेल्या मंडळ्यांचा निर्णय योग्य होता.

डेटाचा हिशोब सांगायलाच हवा, कारण रोजचा दीड जीबीचा पॅक मुलांच्या ऑनलाइन शाळेतच संपत असे. नुसत्या आवाजाला तासाला 35 ते 40 एमबी पुरतात. व्हिडिओ चालू असेल तर 270 एमबी किंवा त्याहून जास्त जातो. नमस्कारापुरते चेहरे दाखवून व्हिडिओ बंद करायला सांगण्यात कमीपणा नाही.

भाकर मोडण्याबद्दल मंडळ्यांची मतं वेगळी आहेत. काही प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी घरोघरी भाकर आणि द्राक्षरस तयार ठेवून पाळकांबरोबर प्रभुभोजन घेतलं, काहींनी चर्च उघडेपर्यंत थांबणं पसंत केलं. कॅथलिक शिकवणीत पडद्यावरचा मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) पाहणं म्हणजे ख्रिस्तशरीर स्वीकारणं नव्हे. तिथे आध्यात्मिक सहभागाची प्रार्थना म्हणतात. हा भाग ॲप निवडून सुटणारा नाही. ज्याने त्याने आपल्या पाळकांना किंवा धर्मगुरूंना विचारावं.

दफनविधीसाठी झूम वापरताना फार काळजी लागते. तेव्हा वीसच माणसांना परवानगी होती, आणि दुबईत किंवा अमेरिकेत असलेल्या लेकीला आईचा चेहरा पाहायचा तो फोनवरच. कबरस्थानात वारा थेट माइकवर येतो, म्हणून वायरचा इयरफोन लावून त्याचा माइक धर्मविधी चालवणाऱ्याच्या कॉलरला अडकवावा. फोन धरणारा माणूस कुटुंबातला नसावा, घरच्या माणसाचे हात थरथरतात. फोन पूर्ण चार्ज करून न्यावा आणि दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला आणखी एक फोन तयार ठेवावा. परदेशातल्यांसाठी नंतरची स्मरणसभा संध्याकाळी साडेसातला ठेवली तर दुबईत सहा वाजलेले असतात आणि उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये सकाळचे दहा.

राहिले बटणांच्या फोनवाले. झूम त्यांच्यापर्यंत पोचत नाही, आणि याच कारणासाठी पाचातला एक तारा कापावा लागतो. त्यांच्यासाठी साधा कॉन्फरन्स कॉल उत्तम चालतो: एकाला फोन लावायचा, ‘ॲड कॉल’ करून दुसऱ्याला, मग ‘मर्ज’. अशी पाच माणसं जोडता येतात. बटणांचे फोन असलेले सभासद तीस असतील तर सहा जणांनी प्रत्येकी पाच घरं वाटून घ्यावीत, रोज ठरलेल्या वेळी, पंधरा मिनिटं. एक स्तोत्र वाचायचं आणि मग ज्याची पाळी त्याने प्रार्थना करायची. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांचा फोन शेवटी जोडावा, म्हणजे बाकीचे येईपर्यंत त्यांना ताटकळावं लागत नाही.