जीआय बिल वापरून नवऱ्याचं कॉलेज: आमचा अनुभव

नवरा यूएस आर्मीतून बाहेर पडला आणि लगेच पोस्ट-9/11 जीआय बिलवर (सैन्यात सेवा केलेल्यांच्या शिक्षणाचा खर्च उचलणारी अमेरिकन सरकारची योजना) पब्लिक म्हणजे सरकारी युनिव्हर्सिटीत ॲडमिशन घेतली, आता दोन सेमिस्टर झालीत म्हणून लिहितेय. त्याची 36 महिन्यांच्या वर ॲक्टिव्ह ड्युटी झालेली, त्यामुळे 100 टक्के बेनिफिट, म्हणजे इन-स्टेट ट्यूशन (त्याच राज्यातल्या रहिवाशांना असते ती कमी फी) पूर्ण माफ, पुस्तकांना वर्षाला 1000 डॉलरपर्यंत आणि वर घरभाड्याचा भत्ता, तो कॉलेजच्या झिपकोडवर ठरतो. पण सगळे क्लास ऑनलाइन घेतले तर भत्ता खूप कमी होतो हां, एक तरी क्लास कॅम्पसवर जाऊन करा.

डोकेदुखी झाली ती रेसिडेन्सीची, म्हणजे राज्याचे रहिवासी धरतात की नाही याची. आम्ही या राज्यात नवीन, म्हणून कॉलेजने सरळ आउट-ऑफ-स्टेट म्हणजे बाहेरच्या राज्यातल्यांची जास्त फी लावली, फीचा आकडा बघून मला रडूच आलं. खरं तर 2014 च्या चॉइस ॲक्ट या कायद्याप्रमाणे जीआय बिलवाला त्या राज्यात राहत असेल तर पब्लिक कॉलेजला इन-स्टेट रेटच लावावा लागतो, वर्षभर राहिल्याचा पुरावा वगैरे लागत नाही. आधी सैन्य सोडल्यापासून 3 वर्षांत ॲडमिशन घ्यायची अट होती, तीही 2021 च्या ऑगस्टपासून गेली. सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी (बेनिफिटला पात्र असल्याचं पत्र) घेऊन कॉलेजच्या सर्टिफाइंग ऑफिसरला (जीआय बिलची कागदपत्रं बघणारा अधिकारी) भेटलो तेव्हा कुठे फी बदलली.

आणि ज्यांना मुलांच्या नावावर बेनिफिट करायचाय त्यांनी सैन्यात नोकरीत असतानाच करा, सेवेची 6 वर्षं झालेली हवीत आणि पुढची 4 द्यावी लागतात. आमचं ते राहून गेलं, फार वाईट वाटतं.