इंकस्केपचं ‘ट्रेस बिटमॅप’: दगडाचा पोत पिशवीवर आणताना

माझं काम कापडी पिशव्यांवर स्क्रीन प्रिंटिंगचं. एकरंगी छपाईत मोठा सपाट रंग निर्जीव दिसतो, म्हणून त्यात मी खऱ्या वस्तूंचा पोत घालते: काळ्या दगडाची पायरी, सागवानी दाराची फळी, गंजलेला पत्रा. वस्तूवर पातळ कागद ठेवून काळा मेणखडू आडवा घासला की ठसा उमटतो. तो स्कॅन करून व्हेक्टर (पिक्सेलऐवजी रेषांनी बनलेलं चित्र) करायला मी इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरचं ‘ट्रेस बिटमॅप’ वापरते. एकरंगी पोतासाठी याहून चांगलं फुकट साधन माझ्या पाहण्यात नाही.

यामागचं इंजिन पीटर सेलिंगर यांचं पोट्रेस. त्याला फक्त काळं आणि पांढरं कळतं. काळ्या भागाची कड धरून ते वक्ररेषा काढतं, मधल्या करड्या छटा त्याच्या लेखी नाहीतच. म्हणून निम्मं काम आधी गिंप या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये करावं. ६०० डीपीआयचं (इंचाला ६०० पिक्सेल) स्कॅन घ्यायचं, लेव्हल्सने कागदाचा मळकटपणा घालवायचा आणि मग थ्रेशोल्ड, म्हणजे एका पातळीहून गडद ते सगळं काळं, बाकी पांढरं. घासताना कुठेतरी हात जड पडतोच. तेवढा भाग निवडून तिथली पातळी वेगळी ठेवता येते.

आता इंकस्केप. शिफ्ट-ऑल्ट-बी दाबलं की खिडकी उघडते. त्यात ‘स्पेकल्स’ हा आकडा पोताच्या कामात सगळ्यात महत्त्वाचा. इतक्या पिक्सेलपर्यंतचे ठिपके गाळून टाक, असा त्याचा अर्थ. मुळात तो २ असतो, आणि दगडाच्या ठशाला तो फारच कमी पडतो. हिशोब सोपा आहे. ६०० डीपीआयला एका मिलिमीटरमध्ये साधारण २४ पिक्सेल बसतात, म्हणजे पाव मिलिमीटरचा ठिपका ६ पिक्सेल रुंद आणि क्षेत्रफळाने तिसाच्या आत. एवढा बारीक ठिपका जाड सुती कापडावर नीट उठतच नाही. मग त्याचे नोड (कडेच्या रेषेवरचे बिंदू) फाइलीत कशाला वागवायचे? मी आकडा २५ ते ३० ठेवते. फाइल हलकी होते आणि छापल्यावर फरक दिसत नाही. ठसा मोठा करून छापायचा असेल तर मात्र हा आकडा खाली आणावा.

‘स्मूद कॉर्नर्स’ १ वर असतं. लाकडाच्या रेषांना ते शोभतं, दगडाला नाही. दगडाचे कण गोल गुळगुळीत होऊन साबणासारखे दिसतात. दगडासाठी मी ०.४ च्या आसपास जाते. कंट्रोल-एलचं ‘सिम्प्लिफाय’ पोतावर कधीच चालवू नये, तो सगळा खरखरीतपणा खाऊन टाकतं.

नव्याने शिकणाऱ्यांसाठी एक गोष्ट: ट्रेस झालेला आकार मूळ चित्राच्या बरोबर वरच बसतो, म्हणून काहीच झालं नाही असं वाटतं. वरचा आकार बाजूला ओढा, खालचं चित्र पुसा.

पोत अक्षरात भरायचा तर पॉझिटिव्हसाठी (स्क्रीन बनवायची काळी फिल्म) ‘क्लिप’ पुरतं, ते अक्षराबाहेरचा पोत नुसता झाकतं. ‘इंटरसेक्शन’ पोत खरोखर कापतं, पण हजारो नोडवर खूप वेळ घेतं, ते फक्त कटिंग प्लॉटरला खरी कड हवी असेल तेव्हाच करावं. मोठ्या पृष्ठभागासाठी गिंपमध्ये सांधा न दिसणारा तुकडा बनवून इंकस्केपच्या ‘टाइल्ड क्लोन्स’ने पसरवावा; मूळ आकार फाइलीत एकदाच राहतो.

व्हेक्टर झालं म्हणजे हवं तेवढं वाढवा, हे पोताच्या बाबतीत अर्धंच खरं. कड धारदार राहते, पण नवा तपशील कुठून येणार? पोस्टकार्डाएवढा ठसा सहा फुटी पडद्यावर नेला की कणांचे नुसते डबके दिसतात. मोठ्या कामाला ठसाच मोठा घ्यावा.

रंगीत पोतासाठी ‘मल्टिपल स्कॅन्स’ आहे. तीन-चार रंगांपर्यंत ठीक चालतं. तिथे ‘स्टॅक’ चालू ठेवा, म्हणजे रंगांच्या सांध्यात पांढरी फट राहत नाही. धुरकट, विरत जाणारा पोत असेल, जलरंगाचा ओघळ वगैरे, तर त्याला व्हेक्टर करूच नये. त्याचं चांगल्या रिझोल्यूशनचं चित्र ठेवावं आणि छपाईला हाफटोन (लहानमोठ्या ठिपक्यांनी छटा दाखवणारी प्रत) काढावा.