विलापाला जागा देणारे दैनिक मनन

कठीण काळातून जाणाऱ्यांसाठी तयार केलेल्या एका मराठी ख्रिस्ती दैनिक मनन ॲपमधील चाळीस दिवसांचा पाठक्रम मी घरातील दीर्घ आजारपणाच्या काळात ऐकला. रोज एक शास्त्रपाठ, त्यावर काही मिनिटांचे विवेचन आणि शेवटी छोटी प्रार्थना, असे त्याचे स्वरूप आहे. अशा उपक्रमांत पहिल्याच दिवशी सर्व ठीक होईल असा दिलासा देण्याची प्रथा असते. येथे मात्र सुरुवात देवाकडे केलेल्या तक्रारीने होते.

पहिला आठवडा बायबलमधील स्तोत्रसंहिता या प्रार्थनागीतांच्या पुस्तकातील विलापांचा आहे. तेरावे स्तोत्र ‘कोठवर’ असे पुन्हा पुन्हा विचारूनही अखेर स्तुतीकडे वळते, परंतु ८८ वे स्तोत्र वळत नाही. ते अंधाराच्याच उल्लेखावर थांबते. निवेदिकेने ते संथपणे, आवाजात कारुण्य न ओतता वाचले आहे आणि वाचन संपल्यावर लगेच संगीतही सुरू होत नाही. रात्री जागरण करणाऱ्या माणसाला ती शांतता किती सोयीची वाटते, हे अनुभवल्याशिवाय कळणार नाही. वधस्तंभावर प्रभू येशूने २२ व्या स्तोत्राचाच आरंभ उच्चारला होता, याची आठवण देऊन असा आक्रोश म्हणजे अविश्वास नव्हे, हे विवेचनात नेमकेपणाने मांडले आहे.

एलीयावरील भागही उत्तम उतरला आहे. मरण मागून झुडपाखाली निजलेल्या त्या संदेष्ट्याला देवदूत आधी उपदेश करत नाही, तर भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो आणि पुन्हा खायला उठवतो. याच भागात खचलेल्या मनासाठी डॉक्टरांची किंवा समुपदेशकाची मदत घेणे विश्वासाच्या विरोधात नाही, असे स्पष्ट सांगितले आहे, जे आपल्या मंडळ्यांमध्ये अजूनही पुरेसे सांगितले जात नाही.

यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकातील २९ व्या अध्यायापाशी, म्हणजे बाबेलात बंदिवासात नेलेल्या यहूदी लोकांना त्याने लिहिलेल्या पत्रापाशी, मात्र पाठक्रमाची पकड सुटते. उज्ज्वल भविष्याची आशा देणारे अकरावे वचन सुंदर अक्षरांत पडद्यावर येते, पण त्याच्या लगेच आधीचे, बाबेलसाठी सत्तर वर्षे पूर्ण झाल्यावर देव परत आणील असे सांगणारे वचन वगळले आहे. दोन वर्षांत सुटका होईल असे सांगणारा संदेष्टा हनन्या खोटा ठरला होता, आणि घरे बांधा, मळे लावा असे बंदिवासातल्या लोकांना लिहिणारा यिर्मया खरा. हा संदर्भ गाळल्यामुळे दीर्घ प्रतीक्षेसाठी लिहिलेले पत्र तात्काळ सुटकेच्या हमीसारखे ऐकू येते. ज्यांचा रुग्ण बरा होणार नाही, त्यांना असा वापर बोचू शकतो.

रोमकरांस पत्रातील संकट, धीर, शील आणि आशा या क्रमावरील भाग बरा आहे, एवढेच. प्रार्थना-विनंतीची सोय मात्र निराश करते, कारण सविस्तर लिहूनही ठरावीक साच्यातले उत्तर येते. त्यापेक्षा आपल्या पाळकांना किंवा मंडळीतील एखाद्या विश्वासू व्यक्तीला फोन करणे बरे. नुकताच आघात झालेल्यांनी पहिला आठवडा आणि एलीयाचा भाग जरूर ऐकावा, आणि यिर्मयाच्या दिवशी ॲप बंद ठेवून तो अध्याय पवित्र शास्त्रातूनच पूर्ण वाचावा.